ते नव्वद टक्के नक्की कोण?

गेमिंगवर मराठीत व्हिडिओ करणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

नमस्कार.

2020 च्या 7 नोव्हेंबरला, म्हणजे मास इफेक्टच्या चाहत्यांच्या एन-सेव्हन डेला, बायोवेअर या गेम कंपनीने नवीन मास इफेक्ट बनवतोय असं जाहीर केलं आणि तेव्हापासून तुमच्यापैकी बरेच जण जुन्या तीन गेम्सवर व्हिडिओ करताय, लिहिताय. मला ते मनापासून आवडतं, कारण मी खेळायला लागलो तेव्हा या गेमबद्दल मराठीत बोलणारा एक माणूस शोधून सापडत नव्हता. मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जुना सबस्क्रायबर आहे. म्हणूनच हे पत्र लिहितोय, आणि उघड लिहितोय, कारण एकेकाच्या व्हिडिओखाली कमेंट टाकून पाहिल्या, त्या शंभर कमेंटच्या खाली जाऊन बसल्या.

मागच्या महिन्यात लागोपाठ तीन व्हिडिओ पाहिले, तीन वेगवेगळ्या लोकांचे, आणि तिन्हींत एकच वाक्य. "मास इफेक्ट थ्रीचा शेवट नव्वद टक्के प्लेअर्सना आवडला नव्हता." एकाने तर मागे एका जुन्या पोलचा स्क्रीनशॉट लावला होता, एक लांबलचक पट्टी आणि तिच्याखाली एक एवढीशी पट्टी, दोन सेकंद दाखवलं आणि गाडी पुढे. तारीख नाही, कुठला पोल ते नाही, प्रश्न काय विचारला होता ते नाही. आणि त्याच्यावर पुढची पंधरा मिनिटं उभी, की बघा, कंपनीने नव्वद टक्के लोकांना फसवलं, आता नवीन गेममध्ये पण हेच करणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो पोल खोटा नव्हता, पण तुम्ही त्यातून जे काढताय ते त्यात नाहीये.

आता मी कोण हे सांगणारा, तर सांगतो.

2012 च्या मार्चमध्ये मी पुण्यात कर्वेनगरला एका खोलीत राहायचो. आम्ही दोघं, मी आणि माझा रूममेट, वयाने मोठा म्हणून सगळे त्याला अण्णाच म्हणायचे. एक पीसी, दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून जमवलेला. पहिला मास इफेक्ट, मग 2010 चा दुसरा, दोन्ही आम्ही त्याच पीसीवर खेळलो, ज्याची त्याची सेव्ह वेगळी. ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, या गेममध्ये पहिल्या भागात तुम्ही जो निर्णय घेता तो सेव्ह फाईलबरोबर तिसऱ्या भागापर्यंत येतो. पहिल्या भागात मी रेक्स या साथीदाराला समजावून वाचवलं होतं, तर तिसऱ्यात तो समोर येऊन उभा राहिला. चार वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय असा समोर आल्यावर माणूस त्या गेमचा होऊन जातो, मी तर झालोच.

शेवट मी एका शुक्रवारी रात्री बघितला, तीन वाजले असतील. लंडन, तो प्रकाशाचा झोत, मग वर सिटाडेल या अवकाशस्थानकावर आपला वरिष्ठ अँडरसन आणि विरोधक इल्युझिव्ह मॅन, मग ते लहान मुलाच्या रूपातलं कॅटॅलिस्ट, आणि तीन रस्ते. डिस्ट्रॉय लाल, कंट्रोल निळा, सिंथेसिस हिरवा. मी लाल घेतला. स्फोट झाला, रिले (एका सूर्यमालेतून दुसरीत उडी मारायला लागणारी यंत्रं) फुटले, नॉर्मंडी, म्हणजे आपलं जहाज, कुठल्यातरी जंगलात जाऊन पडली आणि तिच्यातून माझे ते साथीदार उतरले जे पाच मिनिटांपूर्वी लंडनमध्ये माझ्या शेजारी धावत होते. ते तिथे कसे पोचले हे कोणी सांगितलंच नाही. मग नावं संपली, तो म्हातारा लहान मुलाला गोष्ट सांगतो तो सीन आला (तो आवाज बझ ऑल्ड्रिन यांचा आहे, चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाचा, हे मला फार नंतर कळलं), आणि त्यानंतर स्क्रीनवर एक चौकट. शेपर्ड, म्हणजे गेममधला आपला नायक, आता दंतकथा झालाय, पुढचं गेमप्ले आणि डाउनलोडेबल कंटेंट घेऊन ही दंतकथा अजून वाढवा, अशा अर्थाचं काहीतरी. मी त्या चौकटीकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो. चार वर्षांचं नातं आणि शेवटी विक्रीची पाटी. आत्ता लिहितानाही मला ते लागतं.

दुसऱ्या दिवशी मी पोल शोधले. शोधले हा शब्द महत्त्वाचा आहे, मला कोणी विचारायला आलं नव्हतं. एक कंपनीच्या स्वतःच्या साईटवर होता, एक फेसबुकवर, आणि दोन गेमिंगच्या साईट्सवर. चारही ठिकाणी मी "नाही आवडला" वाल्या बाजूला मत दिलं.

अण्णाचा गेम रविवारी संपला. मी मागे कॉटवर बसून बघत होतो, म्हटलं आता हा पण भडकणार. त्याने हेडफोन काढले आणि म्हणाला, "चांगला होता रे. अँडरसनशेजारी बसला ना तो, तेव्हा भरून आलं." आणि उठून सोमवारचा शर्ट इस्त्री करायला लागला. मी त्याला नॉर्मंडीचं विचारलं तर म्हणाला हो ते जरा गंडलंय, आणि तेवढ्यावर विषय संपला. पोल वगैरे त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणजे आमच्या खोलीत दोन प्लेअर, एक नाराज, एक समाधानी. आणि आमच्या खोलीतून गेलेली मतं चार, चारही नाराजीची. हे गणित मी त्या वेळी केलं नाही, त्याला दोन वर्षं जावी लागली.

2014 मध्ये मी मार्केट रिसर्चच्या फील्डवर्कमध्ये आलो, तेव्हापासून हेच करतोय. घरोघर जाऊन लोकांना विचारायचं, कुठला साबण, कुठला रिचार्ज, टीव्हीवर काय बघता. पहिल्या वर्षी आम्हाला गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावात चहापत्तीचा सर्व्हे होता. माझ्याबरोबरचा एक मुलगा हुशार, तो गावात फिरलाच नाही, एसटी स्टँडवर टपरीशेजारी उभा राहिला आणि दुपारी जेवणापर्यंत वीस फॉर्म भरून मोकळा झाला. आम्ही उन्हात फिरून सहा-सात. संध्याकाळी सुपरवायझर मॅडमनी त्याचे फॉर्म बघितले आणि वीसच्या वीस बाजूला ठेवले. त्याला कळेना, तो म्हणाला मॅडम सगळे खरे आहेत, एकही मी मनाने भरला नाही. मॅडम म्हणाल्या, "खरे आहेत रे, पण यातला एक जण तरी घरात चहापत्ती आणतो का?" वीसही पुरुष होते, टपरीवर चहा पिणारे, घरात पुडा कुठला येतो हे त्यांच्यापैकी निम्म्यांना माहीत नसणार. दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं, नियमाप्रमाणे, उजव्या हाताने चालत जायचं, ठरलेली घरं सोडून पुढचं घर घ्यायचं, कुलूप असेल तर संध्याकाळी परत, तरी कुलूप असेल तर दुसऱ्या दिवशी परत. त्या कुलूपवाल्या घरांसाठी आमचा अर्धा जीव जातो. पण तीच घरं महत्त्वाची, कारण जो माणूस सहज सापडतो त्याचं म्हणणं आणि जो सापडत नाही त्याचं म्हणणं बऱ्याचदा वेगळं निघतं. अण्णा हे कुलूप लावलेलं घर होतं आणि मी टपरीवरचा माणूस.

हे फक्त चहापत्तीत होतं असं नाही. अमेरिकेत 1936 च्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने साधारण एक कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, त्यातल्या 20 लाखांहून जास्त परत आल्या. केवढा मोठा आकडा! त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. त्याच वेळी सर्व्हे करणाऱ्या गॅलप यांनी त्याच्या मानाने चिमूटभर लोकांना विचारून बरोबर सांगितलं होतं, कारण त्यांनी कोणाला विचारायचं ते नीट ठरवलं होतं. 20 लाख लोकांनी खोटं लिहिलं नव्हतं, ज्यांनी पाठवलं त्यांनी मनापासूनच पाठवलं, फक्त ज्यांनी पाठवलं नाही ते वेगळे होते. म्हणून पोलला किती हजार मतं पडली हे मला कृपा करून सांगू नका. ही गोष्ट आमच्या धंद्यात नवीन आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात.

आता माझ्या तक्रारी सांगतो, एकेक करून.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तुम्ही दाखवताय तो पोल ज्या शेवटाबद्दल आहे तो शेवट आज गेम नव्याने विकत घेणाऱ्या तुमच्या प्रेक्षकाला सहसा खेळताच येत नाही. जरा क्रम बघा. गेम आला 2012 च्या मार्चमध्ये, 6 तारखेला अमेरिकेत, 9 ला युरोपात. पोल झाले त्याच महिन्यात. 21 मार्चला बायोवेअरच्या संस्थापकांपैकी एक, रे म्युझिका, यांनी जाहीर पत्र लिहून लोकांची नाराजी पोचल्याचं मान्य केलं. 5 एप्रिलला एक्स्टेंडेड कट, म्हणजे वाढवलेला शेवट, जाहीर झाला, 26 जूनला तो फुकट आला. त्यात नॉर्मंडी लंडनमध्ये येऊन साथीदारांना उचलून नेते तो सीन आला, शेवटी कोणाचं काय झालं ते सांगणारी चित्रं आणि निवेदन आलं, रिले पूर्ण उद्ध्वस्त न होता दुरुस्त होण्यासारखे दाखवले, आणि तिन्ही रस्ते नाकारायचा चौथा पर्यायही आला. 2021 च्या मेमध्ये आलेल्या लेजंडरी एडिशनमध्ये, म्हणजे तिन्ही गेम्सच्या नव्या एकत्र आवृत्तीत, हे सगळं आधीपासूनच आत आहे. म्हणजे आज जो मुलगा तुमचा व्हिडिओ बघून लेजंडरी घेतो, तो मार्च 2012 चा शेवट बघूच शकत नाही, आणि तुम्ही त्याला सांगताय की तू जो शेवट बघणार आहेस तो नव्वद टक्के लोकांना आवडला नव्हता. हे चुकीचं आहे. साधी चूक आहे, पण दर वेळी होते.

दुसरी. एका "नाही आवडला" मध्ये तुम्ही किती वेगवेगळी भांडणं कोंबताय ते बघा. त्या वेळी मी तासन् तास वाचत होतो, आणि मला तरी निदान सहा वेगळे लोक दिसले. एकाचं म्हणणं नॉर्मंडीसारख्या गोष्टी जुळत नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं तिन्ही शेवट दिसायला एकच आहेत, नुसता रंग बदलतो, आणि याला जास्त राग होता कारण गेम येण्याआधी दिग्दर्शक केसी हडसन मुलाखतीत म्हणाले होते की हे शेवट ए, बी, सी असे मोजण्यासारखे नसतील. तिसऱ्याचं दुखणं रिले. हे जरा खोल आहे. दुसऱ्या भागाच्या अरायव्हल या जादा भागात आपण स्वतः एक रिले उडवतो आणि तिथली अख्खी सूर्यमाला, तीन लाख बटेरियन (परग्रहवासी), संपतात. मग सगळेच रिले फुटले तर आपण आकाशगंगा वाचवली का जाळली? मला स्वतःला हाच प्रश्न रात्री झोपू देत नव्हता. चौथ्याला शेपर्ड मरतो हेच सहन होत नव्हतं, बाकी गोष्ट त्याला पटली होती. पाचवा म्हणत होता की शेपर्ड जिवंत असल्याचा तो शेवटचा एक श्वास दाखवणारा सीन मिळवायला सैन्यबळाचा जो आकडा लागतो तो मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचा भाग, न खेळता गाठणं जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याचं खरंच होतं, एक्स्टेंडेड कटमध्ये तो आकडा खाली आणला. आणि सहावा मुळात शेवटावर चिडलेलाच नव्हता, तो चिडला होता जाविकवर, म्हणजे फ्रॉम अॅशेस नावाच्या त्या पहिल्या दिवशीच वेगळे पैसे घेऊन विकलेल्या भागावर. या सहाही जणांनी एकच बटण दाबलं. आमच्याकडे असा प्रश्न लिहिला तर प्रश्नावली परत येते, कारण उत्तर मिळतं पण त्या उत्तराचं करायचं काय ते कळत नाही. चौथ्या माणसाला खूश केलं म्हणून तिसऱ्याची तक्रार सुटत नाही.

तिसरी, वेळेची. तीस-चाळीस तासांचा गेम. पहिल्या आठवड्यात तो कोण संपवतो? सुट्टी टाकून बसणारा, रात्री जागणारा, जीव टाकणारा, म्हणजे माझ्यासारखा. ज्याचा जीव जास्त त्याची निराशाही जास्त. बायोवेअरने 2013 मध्ये स्वतः जे आकडे दिले त्यानुसार मास इफेक्ट थ्री सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनी तो संपवला होता. एक वर्षानंतर! मग पहिल्या काही दिवसांत ज्यांनी शेवटावर मत दिलं ते सगळ्या प्लेअर्सचा कितवा हिस्सा असतील? आणि त्यात असेही होते ज्यांनी शेवट फक्त यूट्यूबवर पाहिला. तो पण बघायचा हक्क आहे, नाही म्हणत नाही, पण चाळीस तास खेळून तिथे पोचणं आणि सात मिनिटांची क्लिप बघणं यात फरक आहे हे तुम्ही लोक तरी मान्य कराल.

हा प्रकार एका गेमपुरता नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट टू 2020 च्या 19 जूनला आला आणि त्याच दिवशी मेटाक्रिटिकवर (रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करणारी साईट) युजर स्कोअर जमिनीवर आपटला होता. पंचवीस-तीस तासांचा गेम एका दिवसात किती जणांनी संपवला असेल? पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर पहिले 36 तास युजर रिव्ह्यू घेणार नाही. म्हणजे जी साईट हे आकडे छापते तिलाही ते आकडे तसेच्या तसे धरवेनात, आणि आपण मात्र तेरा-चौदा वर्षांपूर्वीची पट्टी दाखवतोय.

चौथी थोडक्यात. "सगळ्या पोल्समध्ये हेच आलं" हे वाक्य. चार पोल म्हणजे चार पुरावे होत नाहीत, कारण चारही ठिकाणी मीच होतो.

पाचवी तक्रार उलट्या बाजूच्या मित्रांकडे आहे, कारण तुमच्यात तेही आहेत. "ते पाच-दहा टक्के आरडाओरडा करणारे होते, बाकी सगळ्यांना आवडला." हे तुम्हाला कोणी सांगितलं? गप्प बसलेला प्रत्येक माणूस अण्णा नसतो. काही जण असे असतात की निराश होतात, डिस्क कपाटात टाकतात आणि कोणाला काही न बोलता पुढच्या गेमच्या नादालाच लागत नाहीत. ते पण कुलूप लावलेलं घरच. कपाटातल्या डिस्कचा पोल कोणी घेतला नाही, म्हणून तो माणूस समाधानी ठरवायचा? गप्प बसणाऱ्याला आपल्या बाजूला ओढणं हे पोल फुगवून सांगण्याइतकंच चूक आहे. आणि एक सांगतो, त्या वेळी ओरडणारे लोक नुसते ओरडत नव्हते. त्यांनी चाइल्ड्स प्ले या दवाखान्यातल्या मुलांसाठी खेळणी-गेम्स देणाऱ्या संस्थेसाठी 80 हजार डॉलर्स गोळा केले होते. नंतर संस्थेनेच ती मोहीम थांबवायला सांगितली, कारण आपण पैसे नक्की कशासाठी देतोय याबद्दल काही लोकांचा गोंधळ झाला होता, हे खरं, पण पैसे दिले ते माणसांनीच. त्यांनी कॅनडातल्या एडमंटनला बायोवेअरच्या ऑफिसात कपकेक पाठवले, चारशेच्या आसपास, लाल, हिरवे, निळे, आणि आत सगळ्यांची चव एकच. मला विचाराल तर त्या कपकेकमध्ये तक्रार पोलपेक्षा हजारपट स्पष्ट लिहिलेली होती. रंग वेगळा, चव तीच. कंपनीला यातून नक्की काय दुरुस्त करायचं ते कळतं, नव्वद टक्क्यांतून कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, की बाबा कंपनीने ऐकलं ना, एक्स्टेंडेड कट काढला ना, मग पोल बरोबरच होता. यावर मी बराच विचार केलाय. माझं म्हणणं असं, की नाराजी खरी होती आणि खोलही होती, यात मला तिळमात्र शंका नाही, मी स्वतः त्यात होतो. पण विहिरीत दोर सोडला की पाणी किती खोल आहे ते कळतं, ती विहीर किती गावांना पुरते ते त्या दोरावरून कळत नाही. पोलने खोली दाखवली. रुंदी तुम्ही तुमच्या मनाने लावताय. पहिल्याच काही आठवड्यांत या गेमच्या लाखांनी कॉप्या विकल्या गेल्या, पोलवर मतं पडली हजारांत, मधल्या लोकांचं काय हे त्या पट्टीला माहीतच नाही. समीक्षकांकडे बघाल तर मेटाक्रिटिकवर एक्सबॉक्स 360 साठी 93. त्यावरून पण मी असं म्हणणार नाही की 93 टक्के लोकांना आवडला, कारण समीक्षक हा आणखी एक वेगळा गट, तो गेम फुकट मिळवून मुदतीत संपवतो, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी मार्क शेवटाला नाही, अख्ख्या गेमला दिले.

मग खरा आकडा कुठे मिळेल? थोडा कंपनीकडे असतो. 2020 मध्ये जॉन एबेंगर या बायोवेअरच्या माजी डिझायनरनी सहज सांगून टाकलं होतं की साधारण 92 टक्के लोक पॅरागॉन खेळायचे, म्हणजे सज्जन शेपर्ड. हे पोलवरून आलं नव्हतं, खेळतानाच्या नोंदींवरून आलं होतं. नेटवर बघाल तर रेनेगेडचे, म्हणजे निर्दय शेपर्डचे, चाहतेच जास्त वाटतील, इतक्या त्यांच्या क्लिप्स फिरतात. बोलणारे वेगळे आणि खेळणारे वेगळे, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण थांबा, या नोंदींनाही मर्यादा आहे. मी लाल रस्ता निवडला ही नोंद कंपनीकडे गेली असेल. मी निवडल्यावर त्या चौकटीकडे बघत किती वेळ बसलो होतो आणि मला काय वाटत होतं, ती नोंद कुठेच नाही. काय निवडलं म्हणजे काय आवडलं असं होत नाही. पोलमध्ये भावना आहे पण माणसं अर्धवट, नोंदींत माणसं सगळी पण भावना नाही. दोन्ही जवळ असल्याशिवाय "प्लेअर्सना काय वाटलं" हे वाक्य लिहायचा अधिकार कोणालाच नाही, मलाही नाही.

तर माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत.

पोल दाखवा, जरूर दाखवा, पण त्याच्याबरोबर तारीख, जागा आणि विचारलेला प्रश्न शब्दशः दाखवा. हे तीन मिळत नसतील तर तो स्क्रीनशॉट वापरू नका. कंपनीची ती जुनी साईट 2016 मध्येच बंद झाली, त्यामुळे आज जे फिरतंय ते कोणीतरी कधीतरी काढून ठेवलेलं चित्र आहे, कोणत्या दिवशी, किती मतं असताना, ते बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

"नव्वद टक्के प्लेअर्स" असं म्हणू नका. "मत देणाऱ्यांपैकी बहुतेक" म्हणा. दोन-तीन शब्दांचा फरक आहे, खरं आणि खोटं यातला.

शेवटाबद्दल बोलताना मार्च 2012 चा की एक्स्टेंडेड कटनंतरचा ते पहिल्याच मिनिटात सांगा.

स्टीमवर आणि प्लेस्टेशनवर किती टक्के लोकांनी गेम संपवला हे ट्रॉफीच्या आकड्यांत कोणालाही दिसतं. शेवटाच्या कुठल्याही पोलशेजारी तो आकडा लावा. लोकांना स्वतःला कळेल.

तुमच्या चॅनेलवर स्वतःचा पोल घेत असाल, आणि बरेच जण घेता, तर दोन बटणांवर थांबू नका. गेम संपवलास का, कधी संपवलास, कुठली आवृत्ती, आणि काय खटकलं, एवढं विचारा. आणि मग कृपा करून तो निकाल "महाराष्ट्रातल्या गेमर्सचं मत" म्हणून सांगू नका, ते तुमच्या चॅनेलवर त्या दिवशी आलेल्या लोकांचं मत असतं. त्यालाही किंमत आहे, जेवढी आहे तेवढी.

आणि शेवटचं, हे मागणी कमी आणि विनंती जास्त. ज्यांनी कधीच मत दिलं नाही त्यांच्यापैकी दोन-चार जण शोधून व्हिडिओत घ्या. मागच्या महिन्यात ते तिसरे नव्वद टक्के ऐकून मी अण्णाला फोन लावला, तो आता सोलापूरला असतो, दोन पोरं आहेत, गेम बंद झालेत. मी विचारलं, मास इफेक्टचा शेवट तुला खरंच आवडला होता का रे, का तेव्हा तू नुसता विषय टाळलास? तो जरा थांबला आणि म्हणाला आवडला होता, पण एक गोष्ट कायम डोक्यात राहिली, रिले फुटल्यावर ते बाकीचे सगळे आपापल्या घरी कसे गेले असतील, टाली, गॅरस, ते परग्रहांवरचे सगळे लोक आपल्यासाठी एवढ्या लांब लढायला आले होते. म्हणजे त्याची आणि माझी तक्रार एकच निघाली, आणि तरी तो समाधानी आणि मी नाराज. हे कुठल्या बटणात बसवायचं? त्याने एक्स्टेंडेड कट कधी बघितलाच नाही. मी त्याला फोनवरच सांगितलं की नंतर त्यांनी दाखवलंय, रिले दुरुस्त होतात, जातात सगळे घरी. तो म्हणाला, "बरं झालं."

तुमच्यापैकी कोणाला पोलचे प्रश्न लिहायला मदत हवी असेल तर मी करीन, पैसे नकोत. आणि पुढच्या व्हिडिओत ती पट्टी लावताना तिच्याखाली बारीक अक्षरात का होईना, पण तारीख टाका.

तुमचा,
एक जुना सबस्क्रायबर, जो त्या नव्वद टक्क्यांत चारदा मोजला गेलाय